कॅसिनोतली तीन पत्ती: नियम, राणी-छक्की-चौकीचा फॉर्म्युला आणि गल्ल्याचा हिशोब



आखाजी आली की आपल्या खानदेशात दोन गोष्टी हमखास दिसतात. माहेरी आलेल्या मुलींचे झोके, आणि ओट्यावर नाहीतर शेतातल्या झाडाखाली रंगलेले पत्त्यांचे डाव. वर्षभर पत्त्याला हात न लावणारा माणूससुद्धा त्या दिवशी दोन डाव बसतो. त्यामुळे तीन पत्ती आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही.

आणि इथेच गडबड होते. धुळ्याच्या बॅचमध्ये एक मुलगा आहे, मोबाईल ॲक्सेसरीजचं छोटं दुकान चालवतो. क्लास संपल्यावर थांबला आणि म्हणाला, "सर, आम्ही पाच मित्र गोव्याला चाललोय. कॅसिनोत तीन पत्तीचं टेबल असतं म्हणे. आपल्याला तर ती लहानपणापासून येते. चाळीस हजार घेऊन जातोय, काही ट्रिक असेल तर सांगा." मी विचारलं, चाळीस हजार कुठले? तर म्हणे, होलसेलरला पंधरा दिवसांनी द्यायचे आहेत, तोपर्यंत पडूनच आहेत.

ट्रिक मी त्याला सांगितली. या खेळाला खरंच एक योग्य पद्धत आहे आणि ती दोन मिनिटांत पाठ होते. पण त्यासोबत एक हिशोबही करून दाखवला. तो हिशोब धंदा करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवा, म्हणून आज दोन्ही इथे लिहितोय.

घरची तीन पत्ती आणि कॅसिनोची तीन पत्ती

घरी आपण एकमेकांविरुद्ध खेळतो. ब्लाइंड, चाल, शो, समोरच्याचा चेहरा वाचणं, हातात काही नसताना दम देणं, हा सगळा त्याचा भाग. एकाचा पैसा दुसऱ्याकडे जातो, गावातल्या गावात फिरतो.

कॅसिनोत समोर एकच माणूस असतो, डीलर. तो पगारी नोकर आहे. तुमच्या चेहऱ्याकडे बघून तो काही ठरवत नाही, नियमाप्रमाणे पत्ते उघडतो आणि नियमाप्रमाणे पैसे देतो किंवा घेतो. दम देण्याला इथे अर्थच नाही. शेजारी बसलेल्या मित्राशीही तुमची स्पर्धा नाही. प्रत्येक जण स्वतंत्रपणे कॅसिनोविरुद्ध खेळतो.

जगभर या खेळाला थ्री कार्ड पोकर म्हणतात. इंग्लंडच्या डेरेक वेब यांनी तो १९९४ च्या सुमारास तयार केला. गोव्यात याच जातीचा खेळ इंडियन फ्लश नावानेही दिसतो. बारीक नियम टेबलागणिक बदलतात, म्हणून टेबलावरची पाटी वाचल्याशिवाय बसायचं नाही. मी खाली थ्री कार्ड पोकरचे सर्रास चालणारे नियम देतोय.

हातांची उतरंड

५२ पत्त्यांतून तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० वेगवेगळे हात बनतात. वरून खाली क्रम असा:

१. प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाची सलग तीन पानं): ४८ हात
२. ट्रेल (तीन सारखी पानं): ५२ हात
३. सिक्वेन्स: ७२० हात
४. कलर: १,०९६ हात
५. जोडी: ३,७४४ हात
६. यातलं काहीच नाही, फक्त मोठं पान: १६,४४० हात

दोन फरक नीट बघा. आपल्याकडे ट्रेल सगळ्यात मोठी. इथे प्युअर सिक्वेन्स ट्रेलच्या वर आहे, कारण ती चार हातांनी दुर्मीळ आहे. दुसरं, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी एक्का-दुर्री-तिर्रीला खूप वरचा मान असतो. इथे ती सगळ्यात लहान सिक्वेन्स. सगळ्यात मोठी एक्का-राजा-राणी.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. २२,१०० पैकी १६,४४० हात, म्हणजे चारपैकी जवळपास तीन वेळा तुमच्या हातात जोडीसुद्धा नसणार. खरा खेळ या भुक्कड हातांचं काय करायचं याचाच आहे.

डाव कसा चालतो

पहिली पायरी: तुम्ही अँटी लावता, म्हणजे आपल्या भाषेत बूट. समजा ५०० रुपये.

दुसरी पायरी: तुम्हाला तीन पानं मिळतात, डीलरला तीन. तुम्ही तुमची बघता, डीलरची झाकलेली असतात.

तिसरी पायरी: तुम्हाला एकच निर्णय घ्यायचा असतो. पॅक केलं तर अँटीचे ५०० गेले, विषय संपला. खेळायचं असेल तर अँटीएवढेच आणखी ५०० लावायचे. याला प्ले म्हणतात.

चौथी पायरी: डीलर पानं उघडतो. त्याच्याकडे किमान राणी किंवा त्याहून मोठा हात असेल तरच तो क्वालिफाय झाला, म्हणजे लढायला पात्र ठरला. मग तीन शक्यता उरतात.

डीलर क्वालिफाय झाला नाही: अँटीवर तुम्हाला ५०० नफा, प्लेचे ५०० जसेच्या तसे परत.
क्वालिफाय झाला आणि तुमचा हात मोठा: दोन्हीवर नफा, म्हणजे १,०००.
क्वालिफाय झाला आणि त्याचा हात मोठा: दोन्ही गेले, म्हणजे १,००० तोटा.

हात अगदी बरोबरीचे निघाले तर पैसे परत. शिवाय अँटी बोनस असतो: सिक्वेन्सला अँटीच्या १ पट, ट्रेलला ४ पट, प्युअर सिक्वेन्सला ५ पट. हा डीलरकडे काहीही असलं तरी मिळतो.

आता कॅसिनो कमावतो कुठे? दोन ठिकाणी. एक, तुम्ही पॅक केलं की अँटी गेली, मग डीलरचा हात तुमच्यापेक्षा भुक्कड का असेना. दोन, तुमच्याकडे झकास हात आला आणि डीलर क्वालिफायच झाला नाही, तर प्लेवर एक रुपयाही मिळत नाही. तुमचा चांगला माल अर्ध्या भावात गेल्यासारखं.

फॉर्म्युला: राणी-छक्की-चौकी

योग्य पद्धत एका ओळीत: तुमचा हात राणी-छक्की-चौकी किंवा त्याहून मोठा असेल तर खेळा, लहान असेल तर पॅक.

पानं मोठ्यापासून लहानाकडे लावून घ्या आणि तपासा. मोठं पान एक्का किंवा राजा असेल तर बाकीचं बघायचंही नाही, खेळा. राणी असेल तर दुसरं पान बघा. ते सत्ती किंवा मोठं असेल तर खेळा, पंजी किंवा लहान असेल तर पॅक. दुसरं पान बरोबर छक्की असेल तरच तिसऱ्याकडे जा. चौकी किंवा पंजी असेल तर खेळा, तिर्री किंवा दुर्री असेल तर पॅक. गुलाम किंवा त्याखालचं मोठं पान असेल तर थेट पॅक. जोडी किंवा वरचं काहीही असेल तर अर्थात खेळा.

उदाहरणं: राजा-तिर्री-दुर्री, खेळा. राणी-सत्ती-दुर्री, खेळा. राणी-पंजी-चौकी, पॅक. गुलाम-दश्शी-अठ्ठी दिसायला बरा वाटतो, तरी पॅक.

या पद्धतीने तीनपैकी साधारण दोन डाव खेळले जातात, एक सोडला जातो.

असं का, ते बघा. डीलर शंभरात साधारण तीस वेळा क्वालिफाय होत नाही. समजा तुमच्याकडे अगदी निरुपयोगी हात आहे. असे शंभर डाव पॅक केले तर ५०० प्रमाणे ५०,००० गेले. तेच हट्टाने खेळलात तर तीस वेळा ५०० मिळाले, म्हणजे १५,०००. उरलेल्या सत्तर वेळा १,००० गेले, म्हणजे ७०,०००. निव्वळ तोटा ५५,०००. म्हणजे न खेळून तुम्ही ५,००० वाचवले. हात जसा सुधारतो तसे त्या सत्तरपैकी काही डाव तुम्ही जिंकायला लागता, आणि राणी-छक्की-चौकीपाशी खेळणं हे सोडण्यापेक्षा किंचित स्वस्त पडतं. सीझन संपलेला माल कमी भावात काढायचा की धरून ठेवायचा, हा जो निर्णय आपण दुकानात घेतो, तोच हा निर्णय. दोन्हीकडे तोटा आहे, लहान तोटा निवडायचा.

बाजूची पैज: पेअर प्लस

टेबलावर आणखी एक गोल असतो, पेअर प्लस. यात डीलरशी संबंध नाही. तुमच्या हातात जोडी किंवा वरचं काही आलं तर पैसे, नाहीतर गेले. एका सर्रास चालणाऱ्या पाटीवरचे दर असे: जोडीला १ पट, कलरला ३, सिक्वेन्सला ६, ट्रेलला ३०, प्युअर सिक्वेन्सला ४०.

चाळीस पट वाचून डोळे चमकतात. पण वरचे आकडे घेऊन गुणाकार करा, कॅसिनोचं मार्जिन ७.२८ टक्के निघतं. काही पाट्यांवर कलरला ३ ऐवजी ४ असतात. बाकी सगळं तेच. तिथे मार्जिन २.३२ टक्के. एका आकड्याच्या फरकाने मार्जिन तिपटीहून जास्त वाढतं, आणि बहुतेक गिऱ्हाईक पाटी वाचतच नाही. होलसेलरची रेट लिस्ट न वाचता ऑर्डर देणारे दुकानदार मी रोज बघतो, त्यामुळे मला याचं आश्चर्य वाटत नाही.

आता खरा हिशोब

राणी-छक्की-चौकी तंतोतंत पाळलं, पेअर प्लसला हात लावला नाही, तरी मूळ खेळात कॅसिनोचं मार्जिन अँटीच्या ३.३७ टक्के राहतं. प्रत्येक हात डोळे झाकून खेळलात तर ते ७.६५ टक्क्यांवर जातं.

"सर, तीन टक्के म्हणजे काहीच नाही, चाळीस हजारावर तेराशे रुपये." अगदी हेच तो मुलगा म्हणाला. इथेच चूक आहे. मार्जिन तुम्ही खिशात नेलेल्या पैशांवर लागत नाही, ते उलाढालीवर लागतं.

समजा तासाला ४० डाव, ५०० ची अँटी, चार तास. १६० डाव झाले, म्हणजे ८०,००० रुपयांची अँटी फिरली. खिशात चाळीस हजारच होते, पण तेच पैसे पुन्हा पुन्हा टेबलावर गेले आणि प्रत्येक फेरीला मार्जिन कापलं गेलं. ८०,००० चे ३.३७ टक्के म्हणजे सरासरी २,७०० रुपये तोटा. हे सगळ्यात शहाण्या खेळाडूचं बिल.

आता मित्र बघा. तो प्रत्येक हात खेळतो, आणि प्रत्येक डावाला ५०० पेअर प्लसवर टाकतो. पहिल्यावर ६,१२०, दुसऱ्यावर ५,८२४. जवळपास १२,००० रुपये. टेबल तेच, वेळ तोच. म्हणजे पद्धतीची किंमत नक्की आहे, चार तासांत नऊ हजारांहून जास्त वाचले. पण २,७०० चं शून्य कोणत्याही पद्धतीने होत नाही. पद्धत फक्त तोटा कमी करते.

काउंटरच्या पलीकडून बघा. टेबलावर सहा शहाणे खेळाडू बसले तरी कॅसिनोला तासाला सरासरी ४,००० रुपये सुटतात. त्याला कोणाला फसवायची गरज नाही. मार्जिन लहान, फेऱ्या भरपूर.

मग लोक जिंकून कसे येतात?

येतात ना. चार तासांच्या खेळात नशिबाने साधारण दहा हजार रुपये वर-खाली होणं अगदी सामान्य आहे. त्यामुळे वरच्या शहाण्या पद्धतीने खेळणाऱ्या दहा जणांपैकी जवळपास चार जण त्या रात्री फायद्यात उठू शकतात. परतीच्या गाडीत तेच चार जण बोलतात. बाकीचे सहा जण झोपेचं सोंग घेतात. जळगाव-धुळ्याला पोहोचते ती चौघांचीच गोष्ट.

पण हेच लोक अशा पाच वारी करून आले तर एकूण फायद्यात दहातले तीनही राहत नाहीत. पंचवीस वारी केल्या तर दहातला एखादाच. नशीब एका रात्रीचं असतं, मार्जिन कायमचं.

काही जण म्हणतात, हरलं की दुप्पट लावायचं, एकदा जिंकलं की सगळं वसूल. आपल्या चाळीस हजारावर करून बघू. ५००, १,०००, २,०००, ४,०००, ८,०००. पाच अँटींचे १५,५०० झाले. पण या खेळात प्लेही तेवढीच लावावी लागते, म्हणजे पाचही डाव खेळून हरलात तर ३१,००० गेले. सहाव्या डावाला अँटीच १६,००० हवी आणि खिशात ९,००० आहेत. सलग पाच वेळा हरणं चार तासांत सहज घडतं. त्यातून टेबलाला कमाल मर्यादा असते, ती वेगळीच.

कायदा आणि कर

महाराष्ट्रात कॅसिनो नाही. कॅसिनोसाठी १९७६ मध्ये एक कायदा झाला होता, पण तो कधी अंमलातच आला नाही, आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने तो रद्द करायचं ठरवलं. आपल्याकडे चालतो तो १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा. जुगाराचा अड्डा चालवणं आणि तिथे खेळताना सापडणं, दोन्ही गुन्हा. आखाजी आहे म्हणून सूट नाही.

गोव्यात कायद्यात बदल करून १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला आणि १९९६ मध्ये जहाजांवर कॅसिनोला वाट मिळाली. म्हणून पणजीला मांडवीत ती जहाजं दिसतात. वयाची अट २१ पूर्ण. आणि एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे: फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना तिथे खेळायला बंदी आहे. टेबल आहे ते बाहेरून येणाऱ्यांसाठी, म्हणजे तुमच्या-आमच्यासाठी.

करही धरा. कॅसिनोवर ऑक्टोबर २०२३ पासून चिप्ससाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. याचा किती भार तुमच्यावर टाकलाय, हे चिप्स घेण्याआधी काउंटरवर विचारा. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आणि वर सेस. त्यातून हरलेले पैसे वजा करता येत नाहीत. दुकानाच्या वहीतही हा तोटा धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. ती तुमची वैयक्तिक उचल धरली जाते.

मोबाईलवर लाइव्ह डीलरच्या लिंक येतात, त्यांच्यापासून लांबच राहा. पैशांवर चालणारे ऑनलाइन गेम पुरवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यासाठी पैशांचे व्यवहार करून देणं यावर ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंदी आहे. तिथे पैसे अडकले तर दाद मागणार कुठे?

जायचंच असेल तर

मी कोणाला जाऊ नका असं म्हणत नाही. सिनेमाला जातो, हॉटेलात जेवतो, तसाच हा खर्च आहे. पण खर्च म्हणूनच जा. पाच नियम:

१. रक्कम घरच्या खर्चाच्या पैशांतून काढा, गल्ल्यातून नाही. गेली तरी एक बिल थांबणार नाही एवढीच.
२. सगळ्यात लहान अँटीचं टेबल शोधा, पाटी वाचा, पेअर प्लस सोडा.
३. राणी-छक्की-चौकी पाळा. दुप्पट लावणं बंद.
४. वेळ ठरवा. फेऱ्या जितक्या कमी, तितकं मार्जिन कमी.
५. कार्ड आणि यूपीआयचा फोन रूमवर ठेवा. मित्राकडून उसने घेणं म्हणजे खेळ संपल्याची खूण.

हरलेलं वसूल करायला पुन्हा पुन्हा जावंसं वाटत असेल, घरी खोटं बोलावं लागत असेल, तर तो नशिबाचा प्रश्न नाही, आजार आहे. टेली मानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर मोफत बोलता येतं. लाज वाटायचं कारण नाही.

त्या मुलाचं काय?

हिशोब बघून तो थोडा वेळ गप्प बसला. मग मी त्याला विचारलं, तुझ्या टेम्पर्ड ग्लास आणि चार्जिंग केबलवर किती सुटतात, आणि महिन्यात माल किती वेळा फिरतो? त्याला मार्जिन माहीत होतं, फेऱ्या माहीत नव्हत्या. गोव्याच्या टेबलाला स्वतःच्या फेऱ्या तासागणिक माहीत असतात, आणि आपल्याला आपल्या दुकानाच्या महिन्यागणिकही माहीत नसतात!

होलसेलरचे पैसे त्याने दुसऱ्याच दिवशी देऊन टाकले. पंधरा दिवस आधी दिले म्हणून पुढच्या मालावर थोडी सूट मागितली आणि ती मिळाली. गोव्याला गेला, सहा हजार घेऊन. त्यातले किती परत आणले ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, कारण त्या पैशांवर कोणाचं बिल थांबलेलं नव्हतं.

तुमच्यासाठी होमवर्क: दुकानातल्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या पाच वस्तू घ्या. प्रत्येकीपुढे मार्जिन लिहा आणि महिन्यात तो माल किती वेळा संपून पुन्हा भरला ते लिहा. दोन्हींचा गुणाकार करा. ज्या वस्तूचा आकडा सगळ्यात मोठा येईल, पुढचे जास्तीचे पैसे तिथे लावा. त्या टेबलावर मार्जिन तुमच्या बाजूने आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत.